गोळी लागल्यानंतरची सर्व्हिस: डॉक्टरांना पाच स्टार, बिलिंगला अर्धा देतानाही हात थरथरतोय

परवा हॉस्पिटलकडून भावाच्या नावाने एक सर्व्हे आला. छापील कागद, उत्तराचं पाकीट सोबत जोडलेलं, आणि त्यात एक प्रश्न होता की हे हॉस्पिटल तुम्ही मित्रांना आणि घरच्यांना सुचवाल का, पर्याय चार, नक्की नाही, बहुतेक नाही, बहुतेक हो, नक्की हो. आता गोळी लागून ॲडमिट झालेल्या माणसाने यावर काय लिहायचं, पुढच्या वेळी गोळी लागली की इथेच या, सोय छान आहे? भाऊ असले कागद उघडतही नाही, ते सगळं माझ्याकडे येतं. त्या चौकटीत माझं म्हणणं मावणार नव्हतं म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

हॉस्पिटलचं आणि शहराचं नाव देत नाही, कारण पोलीस केस चालू आहे आणि क्लेमही अडकलेला आहे. अमेरिकेतलं एक मोठं शहर, एवढंच धरा.

तर झालं काय, माझा मामेभाऊ, ग्रीन कार्डवर येऊन तीन वर्षं झालेला, गाडीवरून पार्सल पोचवायचं काम करायचा, कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे इन्शुरन्स आपला आपण घ्यायचा आणि तो काढतो काढतो म्हणत राहिला. रविवारी संध्याकाळी लाँड्रोमॅटमधून धुतलेले कपडे आणून डिकीत ठेवत होता, रस्त्यापलीकडे दोन गाड्यांमधल्या लोकांचं काहीतरी वाजलं, त्याला आधी वाटलं फटाके, मग वाटलं कोणीतरी मांडीवर लाथ घातली, मग खाली बघितलं. तो त्या भांडणात नव्हता, त्यातलं कोणी त्याला ओळखतही नव्हतं.

पहिले स्टार हॉस्पिटलला नाहीतच. ते लाँड्रोमॅटमध्ये काम करणाऱ्या बाईंना. त्यांनी कधीतरी 'स्टॉप द ब्लीड'चा क्लास केला होता. सँडी हूक शाळेतल्या २०१२ च्या गोळीबारानंतर सर्जन लोकांनी डोकं लावलं की रक्त जाऊन माणूस काही मिनिटांत संपतो, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजारी उभ्या असलेल्याला काहीतरी करता आलं पाहिजे, आणि त्यातून २०१५ मध्ये हे ट्रेनिंग देशभर सुरू झालं. तास-दीड तासाचा क्लास असतो, बऱ्याच ठिकाणी फुकट. त्या बाईंनी त्याच्याच पिशवीतले टॉवेल काढले, जखमेवर दाबले आणि दोन्ही तळहात टेकवून गुडघ्यावर बसून अख्खं वजन टाकलं. भाऊ म्हणतो टॉवेल ड्रायरमधले होते, अजून गरम होते, आणि मला आधी कळेनाच की गरम टॉवेल लागतायत का रक्त. ॲम्ब्युलन्सवाले येईपर्यंत बाईंनी हात उचलला नाही, तो ओरडत होता तरी नाही. यांना सहा स्टार.

आता हॉस्पिटल. लेव्हल वन ट्रॉमा सेंटर, म्हणजे सर्जन, भूल देणारे, रक्तपेढी सगळं चोवीस तास हजर. मी पोचले तेव्हा तो आत होता, नंतर नर्सने समजावलं की ॲम्ब्युलन्समधून मेसेज आला की दहा-बारा जण आधीच ट्रॉमा बेमध्ये, म्हणजे गंभीर जखमींना पहिल्यांदा घेतात त्या खोलीत, आपापल्या जागी उभे राहतात, कोण डोक्याशी, कोण पायाशी, कोण फक्त लिहायला. कात्रीने कपडे टराटरा कापले, पालथा करून पाठ बघितली कारण गोळीची भोकं मोजायची असतात, एक आत आणि एक बाहेर असेल तर हिशोब जुळतो, एकच असेल तर गोळी आतच आहे. याचं एकच होतं. मग एकीने पावलावर छोटं यंत्र धरलं, त्यातून 'हुश्श हुश्श' आवाज आला आणि सगळ्यांचे खांदे खाली आले म्हणे, म्हणजे मांडीतली मोठी धमनी शाबूत. मांडीचं हाड मात्र फुटलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी आत रॉड घातला.

आणि गोळी? ती तशीच आहे. मी सर्जनबाईंना विचारलं, अहो काढली का नाही, त्या हसल्या नाहीत पण हा प्रश्न रोज येत असावा. काढायला गेलं तर चांगलं मांस अजून कापावं लागतं, सांध्यात किंवा नाजूक जागी असेल तरच काढतात, नाहीतर शरीर तिच्याभोवती आवरण करून घेतं. सिनेमात चिमट्याने काढून स्टीलच्या वाटीत टण्णकन टाकतात ना, ते विसरा. फक्त पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर आधी सांगायचं आणि रक्तातलं शिसं अधूनमधून तपासायचं.

या सगळ्यात इन्शुरन्स कार्ड कोणीही मागितलं नाही. चाकाच्या टेबलावर कॉम्प्युटर ढकलत एक मुलगा आला, पण भाऊ स्थिर झाल्यावर. हे काही हॉस्पिटलचं मोठं मन वगैरे नाही, १९८६ चा केंद्राचा कायदा आहे, इमर्जन्सीत आलेल्याला खिसा न बघता तपासायचं आणि जीव सावरायचाच. कायदा उत्तम. फक्त उपचार करा म्हणून सांगणाऱ्या त्या कायद्यात पैसे कोण देणार ते लिहिलेलं नाही, आणि माझा पुढचा सगळा रिव्ह्यू त्या न लिहिलेल्या ओळीबद्दलच आहे.

सेवेला पाच स्टार. जेवणाबद्दल बोलत नाही.

सहाव्या आठवड्यात पाकिटं यायला लागली. हॉस्पिटलचं एक, सर्जनच्या ग्रुपचं वेगळं, भूलवाल्यांचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, मला वाटायचं एका छताखाली झालं म्हणजे एक बिल येईल, कसलं काय. हॉस्पिटलचं एकट्याचं १ लाख १८ हजार डॉलर. मी कुठे शून्य जास्त वाचतेय का म्हणून भावाच्या हातात दिलं तर तो म्हणाला ताई, माझी गाडी सात हजाराची आहे. त्यात एक ओळ होती, ट्रॉमा ॲक्टिव्हेशन, काही हजार डॉलर. म्हणजे ते दहा-बारा जण आपापल्या जागी उभे राहिले ना, त्याचे. मला यात चीड कमी आणि गोंधळ जास्त झाला कारण ते उभे राहिले म्हणूनच पोरगा वाचला, पण उभं राहण्याचं बिल गोळी लागलेल्याला का लावायचं? तयारी तर अख्ख्या शहरासाठी ठेवलेली असते ना? फायर ब्रिगेड घरी आली तर आग लागलेल्याला कोण बिल पाठवतं.

नाईन एमएमची एक गोळी दुकानात एका डॉलरच्याही आत मिळते, घाऊक घेतली तर पाव डॉलरच्या आसपास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याकडे कोणी केली माहीत नाही, पण त्याने हे बिल बघितलं असतं तर म्हण बदलली असती.

इथे बिलिंग डिपार्टमेंटला बाजूला ठेवून फायनान्शियल कौन्सेलर बाईंचं कौतुक करते, कारण त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या ज्या फोनवर कोणी कधीच सांगितल्या नव्हत्या. एक, बिलावरचा आकडा हा दुकानातल्या एमआरपीसारखा, तो पूर्ण कोणीच देत नाही, सरकार देत नाही आणि विमा कंपन्याही देत नाहीत, पूर्ण मागितला जातो तो फक्त ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे. दोन, भावाला इमर्जन्सी मेडिकेड मिळेल. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती योजना, १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्या बहुतेकांना पाच वर्षं तिची दारं बंद केली, पण जीवावरची इमर्जन्सी असली तर तेवढ्यापुरती ती लागू होते. त्यांनी फॉर्म स्वतः भरून घेतला, पगाराच्या कागदांचे फोटो माझ्या फोनवरून स्वतःला ईमेल करवून घेतले. महिन्याभरात मंजूर. चार स्टार, एक कापला कारण त्या आठवड्यातून दोनच दिवस बसतात.

म्हणजे भावाला लागलेल्या गोळीचे पैसे शेवटी कर भरणाऱ्यांनी दिले. तुम्ही, मी, ती लाँड्रोमॅटवाली बाई, जिने आधीच टॉवेल दाबून दिले होते.

मग मला वाचायचं वेड लागलं. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या ऑफिसने, गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, २०२१ मध्ये यावर रिपोर्ट काढला होता, २०१६ आणि २०१७ च्या आकड्यांवरून. वर्षाला साधारण ३०,००० माणसं बंदुकीच्या जखमांनी ॲडमिट होतात, ५०,००० वेळा कोणीतरी इमर्जन्सीत येतं, आणि या फक्त पहिल्या फेरीचा हॉस्पिटलचा खर्च वर्षाला १ अब्ज डॉलरच्या वर. यातला ६० टक्क्यांहून जास्त खर्च मेडिकेड आणि बाकीच्या सरकारी योजनांवर पडतो. डॉक्टरांची फी यात धरलेलीच नाही, ती धरली तर अजून २० टक्के चढू शकतात. आणि हा बिलावरचा एमआरपी नाही बरं का, उपचाराला खरोखर आलेला खर्च.

पहिली फेरी हा शब्द मी तेव्हा नुसता वाचून सोडला होता. त्याच रिपोर्टमध्ये आहे की १६ टक्क्यांपर्यंत पेशंट पुन्हा ॲडमिट होतात आणि त्याचे माणशी सरासरी ८ ते ११ हजार डॉलर वेगळे. भाऊ तिसऱ्या महिन्यात त्या टक्क्यांत गेला, जखमेत पू झाला, ताप, पुन्हा चार दिवस. पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा त्याच बाई, तोपर्यंत त्यांनी माझं नाव बरोबर म्हणायला शिकून घेतलं होतं.

अजून एक वाचलं ते जास्त लागलं. २०२२ मध्ये हार्वर्डच्या लोकांचा अभ्यास छापून आला, विमा असलेल्या लोकांच्या क्लेमवरून. गोळी लागून वाचलेल्या माणसाचा दवाखान्याचा खर्च पहिल्या वर्षात दर महिन्याला सरासरी २,४९५ डॉलरने वाढतो, दुखणं, मानसिक आजार, व्यसन सगळंच वाढतं, आणि ज्यांना गोळी लागलीच नाही त्या घरच्यांमध्येसुद्धा मानसिक आजाराचं निदान १२ टक्क्यांनी जास्त. मामी चार जुलैला, इथे त्या दिवशी रात्रभर फटाके असतात, बाथरूममध्ये टबात बसून होती. कारण खोलीत खिडकी आहे आणि बाथरूमला नाही. तिची झोपेची गोळी, तिचं काउन्सेलिंग, हे भावाच्या बिलात कुठे दिसणार?

आणि गोळी लागून जे जगतच नाहीत त्यांचा हॉस्पिटलला फारसा खर्चच नाही, कसं सांगू, हे वाक्य टाईप करताना पण विचित्र वाटतंय. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या, त्यातले बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हॉस्पिटलचे आकडे बघून कोणी म्हणालं एवढाच खर्च होतो, तर तो हिशोब वाचलेल्यांचा आहे.

आता बिलिंग. काय सांगू. ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे मेडिकेडचा नंबर गेलाच नव्हता म्हणून त्यांनी १,९०० डॉलर सरळ भावावर टाकले आणि चार महिन्यांत कलेक्शन एजन्सीला, म्हणजे थकलेली बिलं वसूल करणाऱ्या कंपनीला, विकून मोकळे. मी फोन केला, चाळीस मिनिटं होल्डवर, तेच पियानोचं ट्यून, मग बाई म्हणाली नंबर फॅक्स करा. फॅक्स! मी ऑफिसात, लायब्ररीत शोधून शेवटी औषधाच्या दुकानातून केला, ते म्हणाले आला नाही, परत केला, म्हणाले आला पण वाचता येत नाही. आपण मराठीत 'डोक्याला शॉट' म्हणतो ना, मी ते आता भावासमोर म्हणत नाही. आणि इन्शुरन्स असता तर सुटलो असतो असंही समजू नका, २०२२ पासून अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध केंद्राचा कायदा आहे, त्यात हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स धरलीय आणि रस्त्यावरची सोडून दिलीय. बिलिंगला अर्धा स्टार, तोही ज्या एका मुलाने मला सांगितलं की आयटमाइज्ड बिल, म्हणजे एकेका गोष्टीचा वेगळा हिशोब, मागा म्हणून, त्याला. मागितलं, तर त्यात एक स्कॅन दोनदा लावला होता. कमी केला. बाकी शब्द न बोललेले बरे.

फिजिओथेरपीची कथा वेगळीच. इमर्जन्सी मेडिकेड हॉस्पिटलच्या दारापर्यंत, दार ओलांडलं की इमर्जन्सी संपली, आता पाय वाकवायला शिकायचं तर स्वतःच्या पैशाने शिका. रॉड घालायचे हजारो डॉलर सरकार देतं आणि तो रॉड घातलेला पाय चालता करायचे शेकडो डॉलर देत नाही, मग माणूस कामावर जाणार कसा आणि कर भरणार कसा, हे कुठल्या गणितात बसतं? त्यासाठी मग गुन्ह्यातल्या पीडितांचा कॉम्पेन्सेशन फंड. या फंडाला १९८४ च्या कायद्याने केंद्राचाही पैसा मिळतो, तो मुख्यत्वे गुन्हेगारांना झालेल्या दंडातून येतो, वाटप राज्य करतं. कल्पना मला मनापासून आवडली. पण नियम असा की हा फंड सगळ्यात शेवटी देणार, म्हणजे आधी बाकी सगळ्यांनी 'नाही' म्हटल्याचे कागद आणायचे. पोलीस रिपोर्टचा नंबर, पोलिसांना सहकार्य केल्याचं, प्रत्येक बिलाची कॉपी. नऊ महिने झाले. 'विचाराधीन'. भाऊ दरम्यान यूट्यूब बघून व्यायाम करतो आणि जिन्याच्या कठड्याला धरून चढतो. दोन स्टार, कल्पनेचे दोन्ही.

(त्याची जीन्स आणि टॉवेल पोलिसांकडे पुरावा म्हणून आहेत. जीन्स कापलेली आहे तरी तो दर वेळी विचारतो कधी मिळेल. नवीन होती म्हणे.)

एक माणूस राहिला. दुसऱ्या दिवशी खोलीत एक जण आला, डॉक्टरचा कोट नाही, साधा टी-शर्ट, म्हणाला मलाही लागली होती, आणि शर्ट वर करून पोटावरचा व्रण दाखवला. मी जरा घाबरलेच. पण हा हॉस्पिटलचाच माणूस, यांचं काम म्हणजे गोळी लागलेल्याच्या पलंगाशी जाऊन बसायचं, डोक्यात बदला शिजतोय का बघायचं, आणि नंतर महिनोन् महिने फोन करायचा, घर, नोकरी, कागद, अपॉइंटमेंटला गाडी. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये हे सुरू झालं, आता अनेक शहरांत आहे. भावाला बदला कोणाचा घ्यायचा तेच माहीत नव्हतं, पण बाहेर जायची भीती होती, तर हा त्याला पहिल्यांदा परत त्या लाँड्रोमॅटपर्यंत चालत घेऊन गेला, कुबड्यांवर, आत गेले नाहीत, नुसतं समोरून. फंडाचा फॉर्मही त्यानेच आणून दिला होता. पाच स्टार, आणि त्याची नोकरी ग्रँटवर, दर वर्षी संपते की काय अशी. २०२१ मध्ये केंद्राने सांगितलं की राज्यांनी ठरवलं तर या कामाचे पैसे मेडिकेडमधून देता येतील, कनेक्टिकट आणि इलिनॉयने तसे कायदे पहिल्यांदा केले. आमच्याकडे अजून ग्रँटच. ज्या ट्रॉमा बेच्या नुसत्या उभं राहण्याचं बिल हजारोंत जातं तिथे गोळी परत लागू नये म्हणून फिरणारा माणूस उधारीवर.

एका गोष्टीने मात्र मी दोन दिवस येताजाता सगळ्यांचं डोकं खाल्लं. बंदुका आणि गोळ्यांवर इथे केंद्राचा १० ते ११ टक्के कर आहे, खूप जुना, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा जातो कुठे? वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला. हरणं, रानटर्की, पाणथळ जागा. माझं हरणांशी वैर नाही, त्या कायद्याने प्राणी खरंच वाचलेत. पण मांडीत गोळी घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या फिजिओला त्यातून छदाम नाही हे जरा जास्तच झालं. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून वर आपला ११ टक्के कर लावलाय, हिंसा रोखायच्या कामासाठी आणि शाळांच्या सुरक्षेसाठी, कोलोरॅडोत लोकांनी मतदान करून ६.५ टक्के आणला, एप्रिल २०२५ पासून. बंदूक कंपनीवर दावा लावू म्हणाल तर २००५ चा कायदा त्यांना बहुतेक दाव्यांपासून वाचवतो. मी वकिलाला विचारलं होतं, त्याने पाच मिनिटांत फोन ठेवला, पैसे घेतले नाहीत. तीन स्टार.

कोणावर अशी वेळ आलीच तर माझ्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी. पहिलं पाकीट आलं की पैसे भरू नका आणि घाबरून फेकूनही देऊ नका, आयटमाइज्ड मागा. हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्यांच्याकडे चॅरिटी केअरचा, म्हणजे ऐपत नसेल तर बिल माफ किंवा कमी करून घ्यायचा, फॉर्म असतोच, कायद्याने ठेवावा लागतो, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस तो भरता येतो, फोनवरचे हे आपणहून सांगत नाहीत. पोलीस रिपोर्टचा नंबर पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा, नंतर हेलपाटे. आणि तो 'स्टॉप द ब्लीड'चा क्लास करून टाका, मी केला, नकली मांडीतल्या जखमेत जाळीदार पट्टी कोंबायला लावतात, पहिल्यांदा हात पुढे जात नाही.

सर्व्हे भरला शेवटी. 'नक्की हो' वर खूण केली, डॉक्टर-नर्सची आठवण काढून. भाऊ मागे उभा राहून बघत होता, म्हणाला फॅक्सचं लिही ना. जागा नव्हती.

अपडेट: ॲम्ब्युलन्सचे पैसे कलेक्शनमधून मागे घेतले असं पत्र काल आलं. त्याच दिवशी आणखी एक पाकीट, एक्स-रे वाचणाऱ्या ग्रुपचं, दुसऱ्या वेळच्या ॲडमिशनचं, ८७ डॉलर, यांच्याकडे मेडिकेडचा नंबर नाही. ईमेलने चालेल का विचारलं. नाही म्हणाले.